तुम्ही विचारलंत म्हणून : सिरियल बंद झाली, आता काम कुठं शोधू?

फोन बहुतेक रात्री साडेदहानंतर येतो. शिफ्ट सुटलेली असते, मागं रिक्षाचा नाहीतर लोकलचा आवाज असतो. "ताई, आमची सिरियल बंद होतेय. पंचवीस तारखेला शेवटचा एपिसोड. आता काम कुठं शोधू?" गेल्या दोन वर्षांत एडिटरनी विचारलं, असिस्टंट डिरेक्टरनी विचारलं, कंटिन्युटी (एका शॉटमधून दुसऱ्यात कपडे, वस्तू तशाच आहेत ना, ते) बघणाऱ्या एका मुलीनं तर रडत विचारलं. फोनवर दहा मिनिटांत जेवढं सुचलं तेवढं प्रत्येकाला सांगितलं आणि दरवेळी वाटलं, निम्मं राहिलं. म्हणून आज नीट लिहितेय.

मी एडिटर. २००४ पासून मराठी डेली सिरियल कापत आले. तेव्हा काम शोधावं लागतच नसे, हे आधी कबूल करते. १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं होतं, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, पुढं २००८ ला स्टार प्रवाह. चॅनेल वाढत होती, रोज रात्री भरायचे स्लॉट वाढत होते. ओळखीच्या ईपीला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला, फोन करायचा, "नवीन काय चालू होतंय?" विचारायचं, की एक सिरियल संपायच्या आत दुसरीचे पहिले एपिसोड टाइमलाइनवर आलेले असायचे. एकोणीस वर्षं माझी नोकरशोधाची पद्धत एवढीच होती.

२०२३ च्या पावसाळ्यात माझी सिरियल बंद झाली. मी नेहमीसारखी डायरी काढली आणि फोन लावायला बसले. आठ दिवसांत एकही नाव सोडलं नाही. सगळे आपुलकीनं बोलले. "आत्ता काही नाहीये गं, असलं की पहिला तुला फोन." नवव्या दिवशी एका ईपीनं मलाच विचारलं, "तुझ्याकडं काही आहे का?" तेव्हा लक्षात आलं, मी ज्यांच्याकडं काम मागत होते ते सगळे एकमेकांकडं तेच मागत होते. माझ्या सगळ्या ओळखी एकाच होडीतल्या होत्या.

होडीला भोक कुठं पडलं ते समजून घ्या, म्हणजे आपलंच काही चुकलं असं मनाला लागणार नाही. फिक्की ही उद्योगांची संघटना आणि ईवाय ही सल्लागार कंपनी, यांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये भारतात डिजिटल माध्यमांचं उत्पन्न पहिल्यांदाच टीव्हीच्या पुढं गेलं. जाहिरातीचा पैसा सरकला की सिरियलचं बजेट आवळतं आणि धीरही सरतो. दर गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात. पूर्वी कमी आकडे बघून चॅनेल म्हणायचं, ट्रॅक बदलू या, म्हणजे गोष्टीला नवं वळण देऊ या. आता मी चार-पाच महिन्यांत बंद पडलेल्या सिरियल बघितल्यात. त्याच २०२४ च्या नोव्हेंबरात स्टार प्रवाहवाली स्टार इंडिया आणि कलर्स मराठीवाली व्हायकॉम१८ या कंपन्या एकत्र आल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं. दोन घरांची एक चूल झाली की दोन स्वयंपाकघरं कोण ठेवणार? आपल्यासाठी त्याचा अर्थ इतकाच, की ज्यांना काम मागायचं अशी दारं कमी झाली.

तर २०२३ च्याच सप्टेंबरात मी अंधेरीला वीरा देसाई रोडवरच्या एका ऑफिसात गेले. समोर पंचविशीतला मुलगा, अगदी सभ्य. "मॅडम, रील पाठवा ना." अडीच हजारांवर एपिसोड कापले होते आणि माझ्याकडं रील, म्हणजे केलेल्या कामाचे निवडक तुकडे जोडलेला व्हिडिओ, नव्हतं. आपल्या सगळ्यांचं हेच दुखणं आहे. फुटेज चॅनेलच्या मालकीचं, ते बाहेर काढता येत नाही. पडद्यावर आपली नावं आली तर वाचता येणार नाहीत अशा वेगानं जातात, नाहीतर येतच नाहीत. एकोणीस वर्षांचा पुरावा काय दाखवायचा?

त्या रात्री जुन्या डायऱ्या घेऊन बसले. मला रोज दोन ओळी लिहायची सवय होती : एपिसोड नंबर, रश (शूट होऊन आलेलं कच्चं फुटेज) किती, अडचण काय आली, फाइल किती वाजता गेली. वाचता वाचता मध्यरात्र झाली. एका ऑगस्टमधल्या नोंदी होत्या. नायिकेला डेंग्यू झाला होता, बँकेत, म्हणजे तयार करून ठेवलेले, दोनच एपिसोड होते आणि साखरपुड्याचा सीन टाळणं शक्य नव्हतं. मी मागच्या तीन महिन्यांच्या फुटेजमधून तिचे क्लोजअप शोधले. त्याच साडीतले मिळाले नाहीत, म्हणून खांद्याच्या वरून कापलेले घेतले. डुप्लिकेटचे पाठमोरे शॉट मागवले. दोन वाक्यं तिच्याकडून घरून फोनवर रेकॉर्ड करून घेतली आणि ती सासूच्या रिअॅक्शनवर टाकली. एपिसोड वेळेवर गेला. कुणाला काही कळलं नाही, आणि एडिटरच्या कामात यापेक्षा मोठी शाबासकी नसते. पण यातलं काहीही माझ्या बायोडेटात नव्हतं. तिथं होतं : "सीनिअर एडिटर, अनुभव १९ वर्षे."

मी नवं पान लिहिलं. त्यात हुद्दा नव्हता, काम होतं. दोन-अडीच तासांच्या रशमधून बावीस मिनिटांचा एपिसोड, त्याच दिवशी. तीन कॅमेऱ्यांचं शूट. कलाकार नसताना असलेल्या फुटेजवर सीन उभा करणं. शिवाय २०२१ ची गोष्ट. त्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं आणि बऱ्याच मराठी सिरियलची युनिट गोव्याला गेली. आमचंही गेलं. रश रात्री इंटरनेटवरून यायचं, मी डोंबिवलीच्या घरात हॉलच्या कोपऱ्यात कट करून पहाटे परत पाठवायची. तेव्हा ती निव्वळ ओढाताण वाटली होती. दोन वर्षांनी पानावर लिहिलं : "घरून एडिट, ऑनलाइन डिलिव्हरी, सलग दोन महिने, एकही एपिसोड चुकला नाही." पुढं तीन ठिकाणी याच ओळीवर बोट ठेवून मला प्रश्न विचारले गेले.

म्हणून "कुठं शोधू?" या प्रश्नाच्या आधी मी उलट विचारते, काय शोधताय? "सिरियल एडिटरची जागा" शोधत असाल तर त्या जागा कमी होत चालल्यात. पण "रोज संध्याकाळी सातच्या आत गोष्ट पूर्ण करून देणारा माणूस" कुणाकुणाला लागतो, असं शोधलं तर गोरेगावच्या चित्रनगरीच्या आणि घोडबंदरच्या सेटच्या बाहेरही बरंच दिसायला लागतं.

आता त्या फोनबद्दल, जो मी सर्वांत उशिरा केला.

माझा एक असिस्टंट होता. २०१७ मध्ये तो सिरियल सोडून यूट्यूबच्या कामाला गेला, तेव्हा मी त्याला चांगलंच सुनावलं होतं. हे काय काम आहे का, असं म्हणाले होते. त्याला फोन करायला मला तीन आठवडे लागले. तो "ताई, बोला ना" म्हणाला आणि मला आधी काही सुचेचना. मग मी सरळ सांगितलं, मला काम हवंय आणि तेव्हा बोलले ते चुकीचं होतं. तो इतकंच म्हणाला, "उद्या या." त्याच्याकडं हिंदी जाहिरातींच्या मराठी आवृत्त्यांचं काम येत होतं. हिंदी ओळ तीन सेकंदांत संपते. शब्दाला शब्द लावून मराठी केली की साडेचार सेकंद लागतात, ओठ जुळत नाहीत आणि कानाला ती मराठी वाटतही नाही. मी कट करता करता ओळच बदलून सुचवायला लागले, लहान, आणि आपल्या घरात बोलतात तशी. दुसऱ्या आठवड्यात क्लायंट विचारायला लागला, त्या मॅडम आहेत का? मला मराठी येतं हे मी आयुष्यात कधी बायोडेटावर लिहिलं नव्हतं. लिहायची गोष्ट आहे असं वाटलंच नव्हतं.

तिथून सबटायटलचं काम मिळालं. इंग्रजीत एका ओळीत साधारण बेचाळीस अक्षरं आणि दोनच ओळी, एवढ्या जागेत भावजयीचा टोमणा बसवायचा असतो. मग उभ्या स्क्रीनच्या छोट्या मालिका आल्या, मोबाइलवर बघायच्या, दीड-दोन मिनिटांचा एक भाग. मला आधी वाटलं, हे तरुणांचं काम. बसल्यावर कळलं, हे तर आपलंच. ब्रेकच्या आधी प्रेक्षकाला कुठं अडकवून ठेवायचं, चेहऱ्यावर किती फ्रेम थांबायचं, हे डेलीच्या एडिटरच्या हाडात असतं. फक्त ब्रेक आता दर नव्वद सेकंदांनी येतो आणि फ्रेममध्ये दोन माणसं शेजारी मावत नाहीत. तुम्ही कंटिन्युटी बघत असाल तर इथं तुमची फार गरज आहे. चार-पाच दिवसांत सगळे भाग शूट होतात आणि कपड्यांचा घोळ मी रोज बघते.

सॉफ्टवेअरचं सगळे घाबरत विचारतात. घाबरू नका. २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स आलं तेव्हाही आमच्यातले निम्मे वैतागून प्रीमिअरकडं गेले होते, आणि सहा महिन्यांत हात बसले. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती मिळते. मी ती बेचाळिसाव्या वर्षी शिकले, रोज सकाळी दीड तास, घरचा स्वयंपाक व्हायच्या आधी. आता संवादांचा मजकूर समोर येतो आणि तो खोडला की शॉटही कापला जातो. प्रीमिअरमध्ये हे २०२३ पासून आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात गोळा आला होता. आज मुलाखतींच्या कामात मी ते रोज वापरते. वाक्य कुठं संपलं ते मशीनला कळतं. त्या वाक्यानंतर बाई गप्प बसली, ती शांतता ठेवायची की काढायची, हे अजून मीच ठरवते.

एआयची खरी काळजी मला कराराच्या कागदावर वाटते. हॉलिवूडचे लेखक २०२३ मध्ये १४८ दिवस संपावर होते आणि एआय कसं वापरायचं याच्या अटी त्यांनी करारात लिहून घेतल्या. तुम्ही डबिंग करत असाल तर सही करण्याआधी एवढं वाचाच, की तुमचा आवाज याच कामापुरता आहे की पुढं मशीनला शिकवायलाही वापरणार. कळलं नाही तर विचारा. तुमच्या असोसिएशनचं कार्ड असेल तर तिथं जाऊन विचारा.

पैशांचं सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. आपल्याला नव्वद दिवसांची सवय आहे. जूनचं काम, पैसे सप्टेंबरअखेर, आणि त्यालाही आपण वेळेवर मिळाले म्हणतो. एका प्रॉडक्शन हाउसकडं माझे चार महिन्यांचे पैसे अडकले ते आजतागायत आलेले नाहीत. माझ्याकडं एक मेलसुद्धा नव्हता, सगळं तोंडी. आई तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. त्या महिन्यात मी बांगड्या ठेवून पैसे उभे केले. ते दिवस मी विसरणार नाही. आता काम ठरलं की त्याच रात्री मी चार ओळींचा मेल करते : काम काय, किती बदल धरलेत, किती पैसे, कधी. नव्या लोकांकडून निम्मे आधी मागते. पहिल्यांदा मागताना जीभ जड झाली होती, पण बहुतेकांनी दिले. ज्यांनी नाही दिले, त्यांच्यातल्या दोघांचं काम मी केलं नाही. आणि काम देतो म्हणून कुणी तुमच्याकडंच पैसे मागितले, मग ते वर्सोव्यात कास्टिंगवाल्यांची गर्दी असलेल्या आराम नगरातलं ऑफिस असो की व्हॉट्सअॅपवरचा मेसेज, तिथून उठून या.

सगळं छान झालंय असं मी सांगणार नाही. माझं उत्पन्न अजून सिरियलच्या दिवसांएवढं स्थिर नाही. या मार्चमध्ये फक्त नऊ दिवस काम होतं. सिरियलच्या युनिटची, दुपारी एकत्र डबे उघडायची आठवण येते, ती वेगळीच. आणि पंचावन्नचे लाइटदादा मला विचारतात तेव्हा यातलं निम्मं त्यांना लागू पडत नाही, हे मला फार लागतं. त्यांना मी लग्नाच्या आणि कॉर्पोरेट शूटवाल्यांचे नंबर देते. त्यापुढं माझ्याकडं उत्तर नाही.

पण तुम्ही विचारलंत, तर एक करा. आज झोपण्याआधी गेल्या महिन्यात रोज नेमकं काय केलंत ते एका पानावर लिहा. हुद्दा लिहू नका. अडचण काय होती आणि तुम्ही ती कशी सोडवलीत, ते लिहा. मोबाइलवर फोटो काढून मला पाठवा, अक्षर कसंही असू दे. सकाळी डोंबिवलीहून घाटकोपरपर्यंत मला पाऊण तास असतो. बसायला मिळालं नाही तरी दाराशी उभी राहून वाचीन, आणि मेट्रोत चढण्याआधी तुम्हाला फोन करीन.