ढिलं होतं, म्हणून बसवलं

कर्जतच्या पुढे एका माळावर आम्ही मेरठचं परेड ग्राउंड उभं केलं होतं. सीन ९ मे १८५७ चा. काडतुसं नाकारणाऱ्या ८५ घोडेस्वारांना सगळ्या पलटणींसमोर बेड्या ठोकतात आणि दुसऱ्या दिवशी मेरठ पेटतं. मी प्रॉपर्टीवाला. तलवारी, बंदुका, हुक्के, बेड्या, सगळं माझ्या गळ्यात.

मागच्या रांगांच्या बेड्या फायबरच्या, वर रंग. पुढच्या बारा मात्र मी हट्टाने लोखंडाच्या करून घेतल्या. फायबर वाजत नाही, आणि घालणारा पाय उचलून चालतो. लोखंड असलं की पाय आपसूक फरफटतो. रिव्हेटच्या जागी आट्यांचा बोल्ट, त्याचं डोकं कानशीने घासून ठोकल्यासारखं केलेलं. लोहाराने दोन हलके टोले द्यायचे, कट, मग पान्याने उघडायचं. आठ दिवस गेले त्या बोल्टांवर. कुणी ढुंकून विचारलं नाही.

चर्चा झाली ती कोटांची. या घोडेस्वारांच्या पलटणीचे, तिसऱ्या लाइट कॅव्हलरीचे, कोट फिकट करडे-निळसर होते. ड्रेसवाल्यांनी लाल आणले. ‘पब्लिकला लालच कळतो.’ काडतूस दाताने तोडायचा क्लोजअपही त्याच पब्लिकसाठी. मेरठला ‘हाताने फाडा’ म्हणून सांगितलं होतं, आणि काडतुसंही जुनीच होती, नव्या एन्फिल्ड रायफलीची नव्हेत. तरी ८५ जणांनी हात लावला नाही. मला तर यातच खरा सीन दिसत होता. पण प्रॉपर्टीवाल्याला कोण विचारतो!

लोहार झालेला नट हातोडी पळीसारखी धरत होता, म्हणून जवळच्या गावातून खरे लोहारकाका आणले. रिहर्सल झकास. टेकला डायरेक्टर ओरडले, ‘काका, जोर दिसू दे!’ काकांनी दाखवला.

रांगेत तिसरे होते मामा. सत्तरीला टेकलेले, गिरणी बंद पडल्यापासून ज्युनिअर आर्टिस्ट. कट झाल्यावर पान्याने बोल्ट हलेना. आटे पार चेपले होते. काकांकडे बघितलं तर ते शांतपणे म्हणाले, ‘ढिलं होतं, म्हणून बसवलं.’

घोट्याशी ग्राइंडर लावायची छाती झाली नाही. ठिणग्या उडतात, लोखंड तापतं. कडं आणि कातडीच्या मधे चामड्याची पट्टी सारली, ओला फडका कोंबला आणि हॅक्सॉने कापायला बसलो. तेवढ्यात एक असिस्टंट येऊन म्हणतो, ‘राहू द्या ना तसंच, पुढच्या सीनलाही बेडीतच आहेत.’ वय तेवीस. असल्यांना एकदा जेवणाच्या सुट्टीत बेडी घालून बाथरूमला पाठवायला हवं.

मामांनी मांडीवर ताट घेऊन वरण-भात खाल्ला. माझ्याकडे वाकून हळूच एवढंच विचारलं, ‘मास्तर, माझी शिफ्ट नाही ना कापणार?’

काका जेवायला गेले नाहीत. मामांची टाच दोन्ही हातांत घट्ट धरून बसले होते. पातं अर्ध्यावर आलं तेव्हा म्हणाले, ‘त्या येळी पंच्याऐंशींना ठोकायला लोहार किती होते?’

मी म्हटलं, ‘पाय हलू देऊ नका, काका.’

पस्तीस मिनिटांनी कडं सुटलं. घोट्यावर नुसता लाल वळ. मामांनी तो दोनदा चोळला आणि चप्पल शोधायला गेले.

टेक ओके झाला होता. काकांच्या त्या शेवटच्या टोल्याचा आवाज साउंडवाल्याला इतका आवडला, की त्याने तोच सगळ्या बेड्यांवर लावलाय.