सगळं शहर बसमध्ये कसं बसवायचं?

आज दुपारी सोलापुरात सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत होतो. ऊन असलं की स्कार्फ बांधूनही तोंड भाजतंय. शेजारी टॉवेलच्या कारखान्यातल्या एक मावशी. म्हटलं, बस स्वस्त पडती की. तर म्हणाल्या, "स्वस्त हाय की रे, पण येती कधी ते सांग. रिक्षावाला बोळाच्या तोंडाशी सोडतो."

शहराला पुढे किती ऊर्जा लागेल याचं गणित करणाऱ्या ज्या मॉडेलवर मी काम करतो, त्याला हे कळतच नाही. ते फक्त सगळ्यात कमी खर्च शोधतं. दर माणशी दर किलोमीटर बस स्वस्त, झालं! पुढच्या वर्षांत अख्खं सोलापूर बसमध्ये. मग बसमध्ये किती लोक जातील यावर आपणच हाताने मर्यादा घालत बसायचं. (तेही अंदाजपंचेच, खरं सांगायचं तर.)

वेळेला पैशाची किंमत दिली की चित्र बदलतं. त्यातही स्टॉपवर ताटकळायची मिनिटं बसमधल्या मिनिटांपेक्षा जड धरतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७० च्या दशकात असंच गणित मांडून सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या रेल्वेला ६.३ टक्के प्रवासी मिळतील म्हटलं. प्रत्यक्षात ६.२ मिळाले. २००० साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या गणितात भाडं रुपयाने वाढलं म्हणून सगळे एकदम उड्या मारत नाहीत, थोडे थोडे सरकतात.

आमच्याकडे तर घरोघरी दुचाकी. ती ईव्ही झाली तर रात्री चार्जिंगचा भार किती, हे बसच्या फेऱ्यांवरही ठरणार. उद्या थांबायचा वेळ वेगळा घालून मॉडेल परत चालवतो.