पुढच्या वर्षाची बरणी

मे महिना संपत आला की मंडईत कैऱ्या फोडून देणाऱ्याच्या पुढ्यात भर दुपारी एक तरी म्हातारं जोडपं दिसतंच. घरात खाणारी तोंडं दोन. दोघांनाही डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं. तरी पिशवीत चार किलो कैऱ्या. "अहो, बाठ धरलेल्याच घ्या," ती म्हणते. "मला काय आज कळतंय का?" असं पुटपुटत तो हातातली कैरी खाली ठेवतो आणि तिने बोट दाखवलेली उचलतो.

जगबुडीच्या बातम्या या पिढीने पुष्कळ पचवल्या आहेत. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली. सूर्य-चंद्रापासून शनीपर्यंत सातजण आणि आठवा केतू, सगळे मकरेत गोळा झाले. त्यात पौषातली अमावास्या आणि सूर्यग्रहण. ठिकठिकाणी यज्ञ पेटले. मग १९७९ साली स्कायलॅब, अमेरिकेचं अंतराळस्थानक. सत्त्याहत्तर टनांचं ते धूड नेमकं कुणाच्या डोक्यावर पडणार, हे अमेरिकेलाही सांगता येईना. आता मरायचंच आहे तर म्हणून गावोगावी कोंबड्या कापल्या गेल्या, असं अजून सांगतात. ११ जुलैला ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडलं. तिथल्या एस्परन्स गावाने कचरा टाकल्याबद्दल नासाला चारशे डॉलरचा दंड ठोकला. हिशेब चोख.

पण लोणची त्याआधीच घालून झालेली असणार. मृगाचा पाऊस पडला की कैरीत पाणी भरतं आणि फोडी लिबलिबीत होतात, म्हणून घाई त्या पावसाची. आकाशातून दुसरं काय पडतंय, त्याच्यासाठी कोण थांबतो! आणि मेअखेर घातलेलं लोणचं मुरून खाण्याजोगं व्हायला महिना-सव्वा महिना लागतो.

कामाची वाटणी ठरलेली. धुणं, पुसणं, फोडी सावलीत पंचावर पसरणं त्याच्याकडे. एका फोडीला पाणी राहिलं तरी बरणीभर बुरशी येते, म्हणून ती मागून येऊन प्रत्येक फोड उलटून बघते. एवढ्या वर्षांचा संसार झाला तरी या एका बाबतीत विश्वास नाही. किलोभर फोडींना दोनशे ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम मोहरीची डाळ, साठेक ग्रॅम तिखट, दोन चमचे हळद. मेथी थोड्या तेलात तळायची ती लालसर होईपर्यंतच. काळी पडली की लोणचं कडू झालंच म्हणून समजा. हिंगाच्या बाबतीत मात्र हात आखडू नये, हे माझं ठाम मत. तेल पाव किलोच्या वरच. ते धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करायचं. इथे तो घाई करतो. कोमट तेल ओतलं की मोहरीचा झणका जातो, हे त्याला दरवर्षी सांगावं लागतं.

खरा वाद मिठाचा. ती डॉक्टरांचं ऐकून मूठ आखडते. तो म्हणतो, "अगं, मीठ कमी म्हणजे नासलंच! त्यापेक्षा फोड अर्धी खाऊ." लोणच्याच्या शास्त्राप्रमाणे त्याचंच बरोबर आहे, पण ते ती कबूल करत नाही. तो आत गेला की उरलेलं मीठ गुपचूप घालते.

मोठ्या बरणीला दादरा बांधून झाला की मागून एक छोटी बरणी निघते. तिच्यात बाठीशिवायच्या, नखाएवढ्या चिरलेल्या फोडी, तिखट निम्मं. त्याच्या खालच्या दाढा गेल्यापासून ही बरणी सुरू झाली. बारीक फोडी लवकर मऊ पडतात, म्हणून ती आधी संपवायची आणि तेल फोडींच्या वर बोटभर राहतंय ना, हे चार दिवसांनी एकदा बघायचं. हे सगळं वाढीव काम. त्यावर कुणी काही बोलत नाही.

मध्यंतरी २०३२ च्या डिसेंबरात एक लघुग्रह आदळण्याची शक्यता तीन टक्के असल्याचं छापून आलं होतं. पुढे ती जवळपास शून्यावर आली. त्यावर त्याचं म्हणणं, तोवर नवी कवळी केली तर साध्या फोडीही चालतील. तिचं म्हणणं, आधी कवळी करा.