बर्कीच्या धबधब्यांकडे जाताना

कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूवाडी तालुक्यातल्या बर्कीला जायचं तर सकाळी लवकर निघा. दुपारनंतर धुकं आणि गर्दी दोन्ही वाढतात. गावापुढची वाट ओढ्याच्या कडेनं जाते. शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत तळाचे बूट हमखास घसरतात, खोल खाचांचेच हवेत. चपला तर नकोतच. जळवा ओढून काढू नका, जखम चिघळते. नखानं कडेनं सरकवली की सुटते.

खरा धोका पाण्याचा. खाली उघडीप असली तरी वर पठारावर सर कोसळली तर ओढा मिनिटांत फुगतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला की लगेच काठ गाठा. धारेखाली उभं राहायचा मोह टाळा, वरून दगडही येतात. गुडघ्यापर्यंत वेगवान पाणी असेल तर ओलांडू नका; सेल्फी कोरड्यातच घ्या.