आमची वाटचाल : सेंटरमधून शाळेच्या वर्गात

2014 ला आम्ही दोघी मैत्रिणींनी नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मुलांच्या स्पीच थेरपीचं (बोलण्याच्या अडचणींवरच्या उपचारांचं) सेंटर सुरू केलं. मी स्पीचचं काम बघणार, ती कानाच्या तपासण्या. दोघींची बीएएसएलपी (वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी) झालेली, आरसीआयचं म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन हातात, बाकी भांडवल म्हणजे घरून घेतलेले पैसे आणि थोडं बँकेचं कर्ज. (पालकांनो, कुठेही जा, पण फी भरायच्या आधी थेरपिस्टचा आरसीआय नंबर नक्की विचारा, त्याशिवाय हे काम करताच येत नाही.)

सगळ्यात जास्त पैसे गेले ऑडिओमीटर (किती ऐकू येतं ते मोजायचं मशीन) आणि साउंडप्रूफ रूमवर. लोक म्हणायचे, बोलायला शिकवणार तर एवढं महाग मशीन कशाला. पण मूल नीट ऐकतंय की नाही हे बघितल्याशिवाय थेरपी सुरूच करायची नाही हा नियम आम्ही पहिल्या दिवशी केला आणि आजपर्यंत पाळलाय. सतत सर्दी असलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे बरेचदा पाणी साठतं, त्यांना सगळं दबकं ऐकू येतं, मग शब्द अर्धवट येतात आणि वर्गात शिक्का बसतो की लक्ष देत नाही. अशा मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवायचं असतं, थेरपी नंतर.

सुरुवातीला मुलं फार उशिरा यायची. जीभ जड आहे म्हणून वेखंड चाटवून झालेलं असायचं, "याचे पप्पा पण उशिराच बोलले" हे तर प्रत्येक घरात. आजीबाईंचा राग नाही, त्या मायेनेच करतात. पण दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून "मम्मी ये", "पाणी दे" असं बोलत नसेल तर थांबू नका, दाखवून घ्या, हे मी तेव्हाही सांगायचे आणि आताही सांगते.

शाळेत जायचं कसं सुचलं ते सांगते. एक पहिलीतला मुलगा होता, क च्या जागी त म्हणायचा, काका म्हणजे ताता. क ला जीभ मागे उचलावी लागते, म्हणून त्याला आडवं झोपवून, पाणी न घेता गुळण्या केल्यासारखा घशातून आवाज काढून, जिभेचं टोक चमच्याने खाली धरून आम्ही क आणला. मग कार आणि तार अशी जोडीची चित्रं, आधी शब्द मग वाक्य. आमच्या खोलीत एकदम क्लिअर बोलायला लागला आणि आई म्हणाली मॅडम शाळेत अजून ताताच. तेव्हा डोक्यात पक्कं झालं, मूल दिवसभर जिथे बोलतं तिथे आपण नसलो तर आठवड्याच्या दोन सेशन्सने काय होणार?

मग शाळा गाठायला लागलो. गंगापूर रोड, इंदिरानगर, सातपूर, नाशिकरोड सगळीकडे फिरलो. बरेच प्रिन्सिपल चांगलं बोलायचे आणि पुढे काही नाही. एका शाळेने आठवड्यातला एक दिवस दिला आणि लायब्ररीशेजारची छोटी खोली, तिथून गाडी चालू झाली. आम्ही दोनच अटी घातल्या. मुलाला खेळाच्या तासाला बाहेर काढायचं नाही, आणि आम्हाला वर्गात मागच्या बाकावर बसू द्यायचं.

मागच्या बाकावरून जे कळतं ते खोलीत बसून कधीच कळत नाही. अडखळत बोलणाऱ्या मुलासाठी सगळ्यात अवघड क्षण हजेरीचा असतो. स्वतःचं नाव सांगतानाच जास्त अडकतं, कारण नावाला दुसरा शब्द वापरता येत नाही, आणि सगळा वर्ग वळून बघत असतो. तेच मूल सगळ्यांबरोबर एका सुरात कविता म्हणताना जराही अडखळत नाही! मग टीचरशी बोलून ठरवलं, त्याने हजेरीला हात वर केला तरी चालेल, वाचन आधी जोडीने मग एकट्याने, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याचं वाक्य कोणी पूर्ण करायचं नाही. "सावकाश बोल, श्वास घे" हे पण नको, त्याने मूल अजून आवळतं. बोलणं संपेपर्यंत त्याच्याकडे बघत थांबायचं एवढंच. एका टीचरने हे मनापासून केलं तर माझं अर्धं काम होतं, हे मी अगदी जबाबदारीने लिहितेय.

दुसरी गोष्ट सिडको आणि अंबडकडच्या शाळांमधली. तिकडे कंपन्यांमुळे खानदेशातली, सटाणा-मालेगावकडची बरीच कुटुंबं आहेत. "याला ळ येत नाही" म्हणून आमच्याकडे मुलं पाठवायचे, आणि ते मूल डोळ्याला डोया म्हणत असायचं कारण घरी अहिराणी. अहो, आजी-आजोबा सगळे तसंच बोलतात, हा दोष कसा असेल? अशा मुलाची थेरपी आम्ही करत नाही, फी मिळत असली तरी नाही. टीचरना समजावून सांगतो आणि मुलाला म्हणतो की घरचं बोलणं पण छान आहे, शाळेचं पण शिक. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या, कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांचंही तेच.

चित्रांची कार्डं पण आम्ही स्वतःच बनवली, कारण बाजारात मिळायची त्यात बर्फातला माणूस आणि हातमोजे. आमच्यात द्राक्षाचा घड, टाळ, परात, घाट, रिक्षा आहे. मूल ओळखीचं चित्र बघितलं की आपणहून बोलायला लागतं.

2020 ला शाळा बंद झाल्या आणि उत्पन्न जवळजवळ थांबलं. समोर बसवून शिकवावं तर मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, मोबाईलवर सेशन घेतले तर घरात एकच फोन, तो पण बाबांबरोबर ड्युटीवर. त्या काळात एका शाळेने आधीचे पैसे बरेच महिने अडकवले होते, तेव्हापासून करार लेखी आणि फी टर्मच्या सुरुवातीला. हे नवीन सेंटर काढणाऱ्या प्रत्येकाने करावं, संकोच करू नये.

आता टीम वाढलीये, पण माणसं टिकवणं हेच अवघड, शिकलेली मुलं पुणे-मुंबईला किंवा थेट परदेशात जातात. आम्हाला दिंडोरीला आठवड्यातून एक दिवस सुरू करायचंय, कारण द्राक्षाच्या सीझनला तिकडच्या आईवडिलांना बागेतून निघून नाशिकला येणं जमतच नाही आणि मुलाची थेरपी मधेच तुटते. तिथल्या एका शाळेने खोली देतो म्हणून सांगितलंय. मराठी नीट बोलणारा, मुलांबरोबर जमिनीवर बसायला तयार असलेला थेरपिस्ट मिळाला की जूनपासून सुरू करणार.