पार्सल कुठे जातंय ते आधी बघा

मी दादरला एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करते त्यामुळे नात्यातले, बिल्डिंगमधले, लेकीच्या शाळेतल्या आया असे सगळ्यांचे फोन मलाच येतात, ऑनलाइन विकायला सुरुवात करतेय तर काय काय काढावं लागेल. फोनवर अर्धवटच सांगून होतं म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतेय.

माझी मामेबहीण भांडुपला राहते, हिंदमाताहून कापड आणून खणाचे कुर्ते शिवते. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर, मग इन्स्टावर, आता तिला मोठ्या मार्केटप्लेसवर (म्हणजे अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या साइटवर) जायचंय. तिचं पहिलंच वाक्य होतं, "अगं ताई, माझी विक्री वर्षाला पाच लाख पण नाही, मला कशाला हवाय जीएसटी? चाळीस लाखापर्यंत लागत नाही ना?" हे ४० लाख सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला ते लागूही आहे (सर्व्हिस देणाऱ्याला २० लाख). पण ही सूट माल राज्यातल्या राज्यात विकला तरच. पार्सल राज्याबाहेर गेलं की पहिल्या रुपयापासून जीएसटी नंबर घ्यावा लागतो, मग तुमची विक्री वर्षाला पन्नास हजार का असेना.

आता सांगा, आपल्या लोकांचं गिऱ्हाईक कुठे असतं? बेळगावची आत्या, इंदूरची मावशी, बडोद्याची चुलतबहीण, पणजीला बदली झालेली मैत्रीण. सगळी मराठी माणसं पण सगळी राज्याबाहेर! म्हणून मी कुणालाही "किती विकतेस" हे नंतर विचारते, आधी विचारते "पाठवतेस कुठे". हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना यात २० लाखांपर्यंत सवलत आहे पण त्याची यादी ठरलेली आहे, घरी हाताने केलं म्हणजे बसलं असं नाही, यादी बघूनच ठरवा.

मार्केटप्लेसचं गणित अजून वेगळं. पूर्वी तिथे माल टाकायचा तर विक्री कितीही कमी असो, जीएसटी नंबर लागायचाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना सूट मिळाली, पण फक्त आपल्याच राज्यात विकायचं आणि जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एक एनरोलमेंट नंबर घ्यायचा. बहिणीला मी हाच रस्ता सांगितला होता, सहा महिने महाराष्ट्रातच विकून बघ म्हणून. तिचं म्हणणं पडलं की अर्ध्या चौकश्या बाहेरूनच येतात, मग सरळ नंबरच घेतला. (फक्त छापील पुस्तकांसारखा करमुक्त माल विकत असाल तर यातलं काहीच लागत नाही, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं.)

नंबर घ्यायला सरकारी फी शून्य आहे, शून्य. एजंट घेतो ते त्याच्या कामाचे. जागा घरचीच दाखवायची, लाइट बिल जोडायचं, आणि घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र. बहिणीच्या बाबतीत लाइट बिल अजून आजेसासऱ्यांच्या नावाने येत होतं, ते आधी बदलून घ्यायला लागलं, तेव्हा अर्ज करायच्या आधी घरातल्या बिलावर कोणाचं नाव आहे ते बघा.

आता पैशाचं बोलते कारण खरी गडबड इथे होते. समजा कुर्ता १०५० ला विकला. त्यात १००० कापड-शिलाई-नफा मिळून तुमची किंमत आणि ५० जीएसटी (२२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० पर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के, त्याच्या वर १८). मार्केटप्लेसने कमिशन आणि कुरियर मिळून समजा २०० लावले, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६, शिवाय मार्केटप्लेस तुमच्या नावाने आधीच कापून सरकारकडे भरतं ते दोन कर, जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का म्हणजे ५ रुपये आणि इन्कम टॅक्सचा टीडीएस ०.१ टक्का म्हणजे १ रुपया. बँकेत आले ८०८. बहुतेक जण वर्षाअखेर पासबुक घेऊन बसतात आणि ८०८ ची बेरीज मारून हीच माझी विक्री म्हणतात. विक्री १००० ची आहे! डिपार्टमेंटकडे मार्केटप्लेसने स्वतः भरलेला आकडा असतो, तो तुमच्या रिटर्नशी जुळला नाही की नोटीस, आणि मग घरात सगळ्यांची झोप उडते. म्हणून दर महिन्याला सेटलमेंट रिपोर्ट (मार्केटप्लेसचा विक्री-कपातीचा हिशोब) डाउनलोड करून ठेवा, परत आलेला माल त्यात वेगळा दिसतो तो वजा करायचा असतो.

आणि ते कापलेले पैसे तुमचेच आहेत हो. टीसीएसचे ५ रुपये जीएसटी पोर्टलवर जाऊन अ‍ॅक्सेप्ट केले की कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या जमा खात्यात) येतात, ते अ‍ॅक्सेप्ट करायलाच कोणी जात नाही. कमिशनवरचे ३६ रुपये इनपुट क्रेडिट म्हणून मिळतात (म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतात), कापडाच्या पक्क्या बिलावरचा जीएसटी पण, म्हणून दुकानदाराकडून आपला नंबर टाकलेलं बिल मागून घ्या, कच्च्या चिठ्ठीवर क्रेडिट मिळत नाही. टीडीएस इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये वळता होतो. आणि एका व्यक्तीच्या नावाने धंदा असेल, पॅन दिलेला असेल आणि त्या मार्केटप्लेसवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर तो कापलाही जात नाही.

इन्कम टॅक्स सोपा आहे त्यामानाने. छोट्या धंद्याला विक्रीच्या ६ टक्के नफा धरून (पैसे बँकेतून किंवा यूपीआयने आले असतील तर, रोखीला ८ टक्के) रिटर्न भरता येतं, जाडजूड वह्या ठेवायची गरज नाही. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा अर्थात. मी एकच गोष्ट हात जोडून सांगते, बायको धंदा करते आणि क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा, असं करू नका. ज्याच्या पॅनवर धंदा त्याचंच खातं, आणि ते घरखर्चाच्या खात्यापेक्षा वेगळं. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या तेव्हा भावाने पाठवलेले पैसे कुठले आणि विक्रीचे कुठले हे सिद्ध करायची वेळ लोकांवर आली होती.

करंट अकाउंट उघडायला गेलात की बँक गुमास्ता (दुकान-धंद्याच्या नोंदणीचा कागद) मागते. माणसं कामाला नसतील तर त्याची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, पावती मिळते, झालं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, त्याचे कोणी दोन हजार मागितले तर देऊ नका. प्रोफेशनल टॅक्स मात्र सगळे विसरतात! नोकरदाराचा पगारातून जातो म्हणून कळतो, धंदेवाल्याने स्वतः नोंदणी करून वर्षाला २५०० भरायचे असतात.

गोदामाचं पण सांगते. मार्केटप्लेस म्हणतं माल आमच्याकडे ठेवा, डिलिव्हरी लवकर होईल. भिवंडीच्या गोदामात ठेवलात तर तो पत्ता आपल्या जीएसटी नंबरमध्ये जादा जागा म्हणून टाकायचा, बास. बंगळुरूच्या गोदामात ठेवलात तर कर्नाटकचा वेगळा नंबर, वेगळी रिटर्नं. नुसतं पार्सल दुसऱ्या राज्यात पाठवायला तिथला नंबर लागत नाही, माल तिथे साठवला तर लागतो. सुरुवातीला या फंदात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खायच्या वस्तू असतील तर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) नंबर आधी, पहिली ऑर्डर नंतर. चकली घरच्या गॅसवर केली तरी. पॅकबंद मालावर नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी फोन नंबर हे सगळं छापलेलं हवं. स्वतःची वेबसाइट काढलीत तर तिथे तुमचं नाव, पत्ता, माल परत घ्यायचे नियम आणि तक्रार कोणाकडे करायची ते लिहावंच लागतं, आणि तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा. २०२० च्या ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांमध्ये हे आहे.

जीएसटी नंबर घेतला की विक्री नसली तरी रिटर्न भरायचंच, निल (शून्य विक्रीचं) रिटर्न तर एसएमएसने पण जातं, पण राहिलं की दिवसाला २० रुपये दंड चढत जातो. गणपतीपुरता किंवा दिवाळीपुरता धंदा करून पुढे कंटाळा आला तर नंबर तसाच सोडू नका, रद्द करायचा अर्ज टाका, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत फायनल रिटर्न भरा.