पॅरिसला जुने फ्लिपर (म्हणजे पिनबॉल मशीनं) बघायला जाणार असाल तर

पॅरिसला लागून असलेल्या सांतुआँच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात जाऊन आलो. शनिवार, रविवार, सोमवार याच दिवसांत जा, बाकी दिवशी बरीचशी शटरं बंद. सगळे मेट्रो ४ ने पोर्त द क्लिन्यांकूरला उतरतात, मग रिंगरोडच्या पुलाखाली बेल्टवाले मोबाइलवाले मागे लागतात, त्यापेक्षा १३ नंबरचं गारिबाल्दी स्टेशन बरं.

तिथे दिसणारी बहुतेक पिनबॉल मशीनं फ्रेंच नाहीतच, शिकागोच्या गॉटलीब कंपनीची. फ्रेंच कॅफेंमध्ये तीच असायची. मला बघायची होती नीसच्या रॅली कंपनीची, साठच्या दशकातली. दिसायला भारी असतात पण भुलू नका, कारण गॉटलीबची कॉइल, रबर, सर्किट डायग्राम आजही सहज मिळतात आणि फ्रेंच मशीनचं तसं नाही, त्यामुळे आधी कॅबिनेट उघडायला लावा आणि आत डायग्रामचा कागद आहे का बघा. नसेल तर मी तरी घेणार नाही. आकडे दिसतात त्या उभ्या काचेवरचं चित्रही मागून टॉर्च मारून बघा, रंगाचे पापुद्रे सुटले असतील तर पुढे गळतच जातात.

नंतर मित्राच्या ओळखीच्या एका रिटायर्ड मेकॅनिक काकांकडे गेलो, खरी मजा तिथे. या जुन्या मशीनांत चिप वगैरे काही नाही, सगळं डोळ्यांना दिसतं. बॉल बंपरला (बॉल उडवणाऱ्या खुंटाला) लागला की धातूच्या दोन पातळ पत्त्या टेकतात, रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढला जातो, कॉइल ठोका देते, आकड्याचं चाक एक घर पुढे. ५० पॉइंटसाठी खाली स्कोअर मोटर फिरते आणि एकामागून एक ५ ठोके देते, म्हणजे ५० ऐवजी ४० पडत असतील आणि सुटे १०-१० नीट पडत असतील तर कॉइल बदलत बसू नका, मोटरवरच्या पत्त्या तपासा. काकांनी पत्ती जराशी वाकवली आणि झालं!

पत्त्यांच्या टोकाला चांदी असते, तिला सँडपेपर लावायचा नाही, व्हिजिटिंग कार्डाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मधून ओढायचं. बारीक कानस फक्त बॉल मारायच्या दांड्यांच्या (त्यांनाही फ्लिपरच म्हणतात) जाड टंगस्टन पॉइंटना. आणि तो तेलाचा स्प्रे घरीच ठेवा, त्यावर धूळ बसते, ठिणगीने पेटूही शकतो. बल्ब ४४ नंबरऐवजी ४७ चे घाला, २५० ऐवजी १५० मिलिअँपियर खातात, काच कमी तापते.

घरी आणल्या आणल्या प्लग लावू नका हां. फ्रान्समध्ये पूर्वी बऱ्याच ठिकाणी ११० व्होल्ट होतं, ट्रान्सफॉर्मरची वायर कुठल्या टॅपवर (किती व्होल्टच्या जोडणीवर) आहे ते आधी बघा. फ्यूजही, लोक फॉइल गुंडाळून ठेवतात, छापलेल्या अँपियरचाच घाला.

भाव करताना डिलिव्हरी त्यातच धरा, वजन १०० किलोच्या आसपास जातं आणि पाय काढले तरी जिन्यातून न्यायला दोघं लागतातच. पुण्याला पाठवायचा विचार मी भाडं ऐकूनच सोडला.